दिवस जाण्याआधीचे डोहाळे

मित्रांनो, माझा एक कान तुटलेला आहे, आणि रंगाचं तर विचारूच नका. विंझरच्या लोहारानं ठोकून ठोकून मला घडवलं, तेव्हापासून मी काळीच. मी एक जुनी लोखंडी कढई. पण एके काळी ठकुबाईंच्या घरात माझ्यावाचून पान हलत नसे.

मला आणल्यावर ठकुबाईंनी लगेच चुलीवर चढवलं नाही. आधी तेल चोळलं, मंद जाळावर तापवलं, पुन्हा तेल चोळलं. "घाई केली तर भाजी करपंल," त्या सुनेला म्हणाल्या.

सून बनाबाई, उत्रोलीची. हसरी, पण ओठ पांढरेफटक. ती दिवसभर भाताच्या खाचरात राबायची, नदीवरून पाणी आणायची आणि सगळ्यांची जेवणं झाल्यावर माझ्या तळाची खरवड खायची. सगळ्याच घरांतली रीत ती, कुणाला खटकत नव्हती. तिला दोनदा दिवस गेले. दोन्ही वेळा बाळ पोटात टिकलं नाही.

मग सारोळ्याहून रतनबाई आल्या. बनाबाईचा नवरा ज्ञानू, त्याच्या त्या आत्या. "वैनी, ज्ञानूला दुसरी करा. माझ्या जावंची पोर हाय, धडधाकट."

बनाबाई माझ्यात पळी फिरवत होती. पळी थांबली.

ठकुबाईंनी त्या पांढऱ्या ओठांकडे पाहिलं, मग माझ्या तळाकडे. "रतनबाई, राब न भाजता तुमी भात पेरता का वो?"

"आत्ता गं बया! आदी शेण, पालापाचोळा घालून माती भाजाय नगं?"

"मातीचं येवढं करतो. अन् माज्या सुनंला आमी काय घातलं? खरवड! वरीसभर तिला खाऊ द्या, इसावा घेऊ द्या. तवर बाळाचं नाव न्हाई काडायचं."

"अन् मागनं न्हाईच झालं तर?"

"तर आना तुमची पोर. म्या आडवी येनार न्हाई."

बोलून तर बसल्या! माझं लोखंड चुलीवर असून गार पडलं.

दुसऱ्या दिवसापासून पहिलं ताट बनाबाईचं. सासूच्या आधी घास तिच्या घशाखाली उतरेना. "गिळ गं, लाजतीस काय!" ठकुबाई दटावायच्या. नाचणीची भाकरी, भिजवलेले हरभरे, गूळ-शेंगदाणे, आणि माझ्यात परतलेला माठ नाहीतर शेवग्याचा पाला. पाण्याच्या घागरी ज्ञानू आणू लागला. गावानं त्याला काय कमी हसून घेतलं!

एवढे लाड पाहून शेजारची बाळाबाई हिरव्या बांगड्या आणि ओटीचं सामान घेऊनच आली. "कितवा म्हैना गं?"

"येकबी न्हाई," बनाबाई पुटपुटली.

"मग ह्यो थाट कशापायी?"

"आमच्यात डोहाळे आदीच असत्यात!" ठकुबाई म्हणाल्या.

माझ्या लोखंडानं भाजी काळपट व्हायची. रतनबाई मधूनच येऊन माझ्यात डोकवायच्या. "ही असली काळी भाजी खाऊन पोर कोळशावानी व्हईल!"

"व्हऊ द्या की. व्हईल तर खरं!"

हळूहळू त्या ओठांवर रंग चढला. वर्ष सरता सरता बनाबाईला पुन्हा दिवस गेले. घरात कुणी मोठ्यानं बोलेना. पण या वेळी बाळ टिकलं. मुलगी झाली, फुला. गुटगुटीत, आणि अगदी माझ्या रंगाची! रतनबाईंचं तेवढंच एक बोलणं खरं ठरलं. बारशाला त्यांनी फुलाला मांडीवर घेतलं ते संध्याकाळपर्यंत कुणाला दिलं नाही. जावेच्या पोरीचा विषय पुन्हा कधी निघालाच नाही.

पुढे घरात चकचकीत पितळ आलं आणि मी माळ्यावर गेले. तिथं गंज चढला. कुणीतरी आपटली, कान तुटला. ठकुबाई गेल्या तेही मला माळ्यावरच कळलं. वाटलं, आता आपली भंगारातच रवानगी.

पण फुलाचं लग्न ठरलं, तेव्हा बनाबाईनं मला शोधून खाली काढलं, राखेनं घासलं आणि लेकीपुढे ठेवलं.

"आये, ही काळी?" फुला हसली.

"तुज्या आजीनं हिच्यातलं खाऊ घालूनच मला वाचवली. चुलीवर चढवायच्या आदी हिला तेल चोळायचं, इसरू नगं. अन् तुजंबी तसंच. पाळन्याची घाई करू नगं. आदी सोता धड जेव."

मित्रांनो, मला ओली ठेवू नका, एवढंच माझं मागणं. आणि आज पानावर बसाल तेव्हा चुलीपाशी वाढत असलेल्या बाईकडे एकदा बघा. आई असेल, वहिनी असेल. तिला म्हणा, आज पहिलं ताट तुझं.