डाव्या पात्याची कड

फोटो पेपरात आला की केक आणायचा, हा आइस हॉकीवाल्यांचा नियम. मग फोटोत तुम्ही गोल मारत असा नाहीतर तोंडावर आपटलेले असा. इल्वाच्या फोटोत ती बर्फावर फतकल मारून बसली होती. तरी ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी ती केकचा खोका घेऊन ग्रानफोर्स गावातल्या बर्फाच्या रिंकमागच्या खोलीत आली.

खोली सिक्स्टनची. एकतीस वर्षं तो गावातल्या पोरापोरींच्या स्केट्सच्या पात्यांना धार लावत होता. एखाद्या बापाने ‘जरा जास्त लावा’ म्हटलं की विचारायचा, पोरगी खेळायला चालली आहे की कांदे चिरायला? इल्वा सहा वर्षांची असल्यापासून तिची पाती त्याच्याच हाताखालून जात होती. ज्युनियर संघात आघाडीला खेळून तिने दोन वर्षं गोलांचा धडाका लावला, आणि ऑगस्टमध्ये किनाऱ्यावरच्या मोठ्या व्यावसायिक संघाने तिला घेतलं. घेतलं म्हणजे, ख्रिसमसपर्यंत बघू म्हणून घेतलं.

आता बघून झालं होतं. डावीकडे वळताना ती पडत होती. आणखी दोन सामने, मग परत ज्युनियरमध्ये, असं प्रशिक्षक गोड शब्दांत म्हणाले होते. हे सगळं तिने केकचे तुकडे करता करता सांगितलं आणि स्वतःचा तुकडा तसाच ठेवला.

मग जरा चाचरत तिने विचारलं, "सिक्स्टन, तू एवढ्यात डोळे तपासून घेतलेस का रे?"

"का?"

"सहज."

सहज नव्हतंच, हे मग हळूहळू तिच्या तोंडून बाहेर आलं. तिकडच्या संघाचं सामान सांभाळणाऱ्या होकानने तिची जुनी पाती पाहिली होती. डाव्या पात्यावर त्याने आडवं नाणं ठेवलं, तर ते तिरकं बसलं. धार लावणाऱ्याला दिसत नसावं, असं म्हणून त्याने दोन्ही कडा सारख्या करून टाकल्या. हे सिक्स्टनला कळू नये म्हणून दोन महिने इल्वा त्याच्याकडे पाती आणत नव्हती. म्हाताऱ्याचा अपमान नको.

सिक्स्टनच्या नाकाला आधी मिरच्या झोंबल्या. मग त्याने हातातली केकची बशी खाली ठेवली, कारण नाणं तिरकं का बसलं हे जगात त्याला एकट्यालाच ठाऊक होतं.

नऊ वर्षांची असताना इल्वाचा डावा घोटा मोडला होता. हाड जुळलं, पण पाऊल केसभर आत कललेलं राहिलं. पुन्हा पहिल्यांदा बर्फावर आली तेव्हा तिने त्याला विचारलं, दोन्ही पाय सारखे झालेत ना? ओठ थरथरत होते पोरीचे. अगदी सारखे, तो म्हणाला. त्या दिवसापासून, डावीकडे वळताना ती पडू नये म्हणून, तो डाव्या पात्याची बाहेरची कड केसभर उंच ठेवत आला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता मूठ झाकलेलीच ठेवली तर इल्वा परत येणार होती. दर गुरुवारी इथेच, याच स्टुलावर. हा विचार त्याला क्षणभर आवडला, आणि आवडला याची लाज वाटली.

"डोळे ठीक आहेत माझे," तो म्हणाला. "तुझा पाय वाकडा आहे, पोरी. डावा. मी पातं मुद्दाम तसं घासत होतो."

इल्वाने खाली पाहिलं, जणू पाय आत्ताच कुणी आणून लावला होता.

"मी तुला विचारलं होतं."

"खोटं सांगितलं."

"दहा वर्षं?"

"दर आठवड्याला," सिक्स्टन म्हणाला.

तिने कोट चढवला, कॉफी न घेताच निघून गेली. सिक्स्टनने उरलेला केक फ्रीजमध्ये ठेवला आणि दोन दिवस कुणाशी धड बोलला नाही. पोरगी आपल्यापासून कायमची तुटली, असंच त्याने धरलं.

मंगळवारी फोन आला तो होकानचा. इल्वाने त्याला सगळं सांगितलं होतं. ती कड नेमकी किती उंच ठेवायची, त्याने विचारलं. सिक्स्टन म्हणाला, असं फोनवर कसं सांगू, हाताला कळतं ते. मग या की, होकान म्हणाला, आणि आंधळा म्हटल्याबद्दल माफी मागताना दोनदा अडखळला.

तीन तास बसने सिक्स्टन शहरात गेला. होकानच्या चकचकीत यंत्रावर त्याने इल्वाचं डावं पातं घासलं, त्यावर नाणं ठेवलं आणि ते किती तिरकं बसायला हवं ते दाखवलं. होकानने खेळाडूंच्या तक्त्यावर इल्वाच्या नावापुढचा धारेचा आकडा खोडला आणि लिहिलं: डावं, सिक्स्टनसारखं.

त्या संध्याकाळच्या सामन्यात तिने गोल केला नाही. पण डावीकडे सात वेळा वळली आणि सातही वेळा उभी राहिली. सिक्स्टन मोजत होता. सातव्यांदा तिने गोलपुढे असा पास सरकवला की दुसरीने नुसती काठी लावली. प्रशिक्षकांनी मग तिला शेवटपर्यंत प्रत्येक पाळीला बर्फावर पाठवलं.

नंतर ती मोज्यांवरच सामानाच्या खोलीत आली, केस घामाने चिकटलेले, स्केट्स हातात. त्याच्यासमोर उभी राहिली आणि दोन्ही पावलं शेजारी शेजारी ठेवली.

"सांग, सिक्स्टन. सारखे आहेत का?"

त्याने चष्मा लावला, वाकून नीट पाहिलं.

"नाहीत," तो म्हणाला. "डावा वाकडा आहे."

"बरं," म्हणत इल्वाने डावा स्केट त्याच्या मांडीवर ठेवला आणि त्याच्या शेजारी बसली.