चार नंबरवरचा एकुलता एक वाचक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. किती जुना, ते विचारू नका. विचारलंत तर मी खरं सांगेन आणि तुम्ही हसाल. एवढंच सांगतो, की सकाळी मी चालू झालो की माझा पंखा असा घरघरतो, की नवीन आलेली मुलं दचकून आधी छताकडे बघतात. मग शेजारचं कोणीतरी म्हणतं, "अरे, तो चार नंबर आहे. रोजचंच आहे त्याचं." मग ती मुलं माझ्याकडे बघतात आणि मी लाजल्यासारखं करून आणखी घरघरतो.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. माझे स्क्रू ज्या बाईंनी आवळले त्या दिवसभर गुणगुणायच्या, म्हणून मलाही आवाज करायची सवय लागली असावी, असं माझं मत आहे. मग खोक्यात बसून प्रवास, आणि खोकं उघडलं ते या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. आम्ही पाच भावंडं एकाच टेबलावर ओळीनं मांडले गेलो. प्रत्येकाच्या कडेला खडूनं आकडा लिहिला. मला चार मिळाला आणि तेच माझं नाव झालं.

काय ते दिवस होते! पुस्तकांच्या कपाटांना तोवर फार माज होता, ग्रंथालय म्हणजे आम्हीच असं त्यांना वाटायचं. पण आमच्या पोटात ई-नियतकालिकं होती. जगभरच्या अभ्यासकांनी काल-परवा लिहिलेले लेख, इथं, या खुर्चीत बसून वाचायचे! मुलं रांग लावायची. प्राचार्य पाहुण्यांना घेऊन यायचे आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचे, "हे आमचं ई-ग्रंथालय." माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. नंतर प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि पाहुण्यांना माझ्याऐवजी नवीन सभागृह दाखवू लागले. चालायचंच.

पण आमच्या ग्रंथपाल बाईंनी मला कधी टाकलं नाही. बाई म्हणजे एकदम करारी. चष्मा नाकाच्या टोकावर, हातात पिवळ्या कागदांचा गठ्ठा. दर महिन्याच्या एक तारखेला त्या 'ई-ग्रंथालयाची खबर' लिहायच्या. कुठला नवा संच सुरू झाला, कुठल्याची मुदत संपत आली, कुठं काय बदललं, सगळं मोजक्या ओळींत. ती खबर त्या सगळ्यांना ईमेलनं पाठवायच्या. ती कोणी म्हणून उघडत नसे, हे मला पक्कं माहीत आहे. कारण लोक माझ्याच समोर बसून ती न वाचता पुसून टाकायचे. म्हणून मग बाई एक प्रत पिवळ्या कागदावर काढून चिकटपट्टीनं माझ्या कपाळावर लावायच्या. गेली सात वर्षं माझं कपाळ पिवळं आहे.

आता मुद्द्याचं सांगतो. माझ्या पोटातल्या नियतकालिकांचा संच महाविद्यालय दरवर्षी पैसे भरून घेतं, आणि हल्ली तो उघडायचा तर आपलं नाव आणि पासवर्ड टाकावा लागतो. ज्याला हवं त्यानं बाईंकडे जाऊन आपलं नाव नोंदवायचं, असा नियम. बाईंकडे जायचं म्हटलं की भल्याभल्यांची पाचावर धारण बसायची, त्यामुळे कोणी गेलंच नाही. अपवाद फक्त एक, चष्मेवाले सर. ते भूगोल शिकवतात आणि चष्मा कपाळावर ठेवून सगळीकडे चष्मा शोधतात. या सरांनी एका सकाळी माझ्यासमोर बसून आपलं नाव टाकलं, 'मला लक्षात ठेव' या चौकटीत बरोबरची खूण केली, आणि लॉगआउट न करता चहाला निघून गेले.

ते मला लक्षात ठेवायला सांगून गेले, मी ठेवलं. त्यात माझं काय चुकलं?

तेव्हापासून मी उघडाच राहिलो. मुलांमध्ये बातमी पसरली, की बाकीचे संगणक पासवर्ड मागतात, पण चार नंबर काही मागत नाही, भला माणूस आहे. मग काय विचारता! माझी खुर्ची रिकामी राहिना. दोन वर्षं सगळं महाविद्यालय चष्मेवाल्या सरांच्या नावावर वाचत होतं, आणि वाचणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता.

पत्ता होता फक्त एकीला. ती नळीताई. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुते, म्हणून सगळे तिला नळीताई म्हणतात. दोन मुलं शाळेत, घरी आजारी सासरे, आणि तरी ती बाहेरून पदव्युत्तर पदवीचा अभ्यास करत होती. नळाच्या पाण्यात गंज कसा उतरतो यावर तिचा प्रबंध चालला होता. रोज मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन यायची, तो न उघडता मांडीवर ठेवायची आणि अर्धा तास माझ्यासमोर वाचत बसायची. वाचताना तिचे ओठ हलायचे. वरच्या कोपऱ्यात सरांचं नाव दिसतं, हे तिनं पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. तिथं ती कधी कधी अंगठा ठेवायची, म्हणजे मागून जाणाऱ्याला नाव दिसू नये. मित्रांनो, तो अंगठा नळ्या धुऊन गार पडलेला असायचा. माझ्या काचेला ते कळायचं.

दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस नियतकालिकांच्या कंपनीकडून दोन्ही वर्षांचा मिळून अहवाल आला. वाचलेले लेख, सोळाशे बारा. वाचक, एक.

प्राचार्यांचे डोळे पांढरे झाले. एका माणसानं सोळाशे बारा लेख वाचले! त्यांनी लगेच शिक्षकांच्या सभेत चष्मेवाल्या सरांना पुष्पगुच्छ आणि 'सर्वाधिक वाचन' असं छापलेलं प्रमाणपत्र दिलं. सर गोंधळले, पण टाळ्या वाजत होत्या. "वाचलं असेल बुवा," ते शेजाऱ्याला म्हणाले, "माझ्या हल्ली लक्षात राहत नाही." आणि त्याच सभेत असंही ठरलं, की एवढा मोठा संच एका माणसासाठी चालू ठेवण्यात अर्थ नाही. महिनाअखेरीस बंद. सरांना लागतील तेवढे लेख बाईंनी आणून द्यावेत.

हे सगळं मला कळलं ते कपाळावर नवी खबर चिकटली तेव्हा. चिकटवताना बाई जरा जास्तच जोरात दाबत होत्या. त्यांनाही वाईट वाटत होतं.

दुपारी नळीताई आली. तिनं खबर वाचली, पुन्हा वाचली. तिचा शेवटचा भाग राहिला होता आणि प्रबंध द्यायला अजून दोन महिने होते. संच बंद झाला की दोन वर्षांची मेहनत पाण्यात. त्या दिवसापासून ती अशी वाचायला लागली, की मी तापून लाल व्हायचा बाकी राहिलो. मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली की ती धावत सुटायची. मी मनात म्हणायचो, अगं, बाईंना सांग! पण मला तोंड कुठे आहे? आणि ती तरी कशी सांगणार? दुसऱ्याच्या नावावर वाचलं म्हणून नोकरीवरून काढलं तर?

शेवटी तो दिवस उजाडला. संच बंद करण्याचं पत्र संध्याकाळपर्यंत जायचं होतं. त्याआधी सरांना कुठले लेख लागतात ते बघावं, म्हणून बाई माझ्यासमोर बसल्या आणि वाचलेल्या लेखांची यादी मागितली. मी दिली. इतक्या आनंदानं मी आयुष्यात कधी काही दिलं नाही.

बाई वाचू लागल्या. आधी चष्मा नाकाच्या टोकावरून वर सरकला. मग भुवया वर गेल्या. मग त्यांनी वर्गावर निघालेल्या सरांना हाक मारली.

"सर, जरा इकडे या. गेल्या महिन्यात तुम्ही बारा दिवस लेकीकडे होतात ना?"

"हो. नात झाली. गोड दिलं की मी तुम्हाला."

"मिळालं. मग त्या बारा दिवसांत तुम्ही इथं बसून कोंबड्यांच्या आजारांवर एकोणीस लेख कसे वाचलेत?"

"कोंबड्यांच्या?" सरांनी कपाळावरचा चष्मा शोधायला सुरुवात केली.

"मग झुलत्या पुलांवर सात. लहान मुलांच्या कानदुखीवर चार. आणि दोन वर्षांत मिळून नळाच्या पाण्यातल्या गंजावर... बाप रे! तीनशे चाळीस."

वाचनकक्षातली मुलं एव्हाना माना वर करून ऐकत होती. सर खुर्चीत बसले आणि हळूच म्हणाले, "बाई, एक सांगू? मी त्यातले फार तर पाच वाचले असतील. पुष्पगुच्छ घेताना मला शंका आलीच होती."

"म्हणजे तुमच्या नावावर दुसरंच कोणीतरी डल्ला मारतंय!" बाई कडाडल्या. "आत्ताच्या आत्ता पासवर्ड बदला. आणि जो कोणी असेल तो मला सापडू दे फक्त."

दारात नळीताई उभी होती. हातात डबा. सगळं तिनं ऐकलं होतं. मागच्या मागे वळून गेली असती तर कोणाला कळलंही नसतं. मी श्वास रोखला, म्हणजे पंखा थांबवला, आणि पहिल्यांदाच त्या खोलीत खरी शांतता झाली.

ती चालत माझ्यापर्यंत आली. "बाई, गंज माझा आहे," ती म्हणाली. "तीनशे चाळीसही मीच वाचले. सरांचं नाव दिसत होतं, तरी वाचले. कोंबड्या नाही वाचल्या. काय करायचं ते करा, पण आजचा दिवस बंद करू नका. एक लेख अर्धा राहिलाय."

बाई खुर्चीतच तिच्याकडे वळल्या. "अगं, मग तू स्वतःचं नाव का नाही नोंदवलंस?"

"आमच्यासाठी नाहीये ना ते." नळीताईनं माझ्या कपाळाकडे बोट केलं. "तुम्हीच लिहिलंय. मी तर नळ्या धुते."

बाई उठल्या आणि त्यांनी स्वतःचाच पिवळा कागद वाचला. वरती ठळक अक्षरांत ओळ होती: 'फक्त विद्यार्थी व प्राध्यापकांसाठी.' सात वर्षांपूर्वी पहिल्या खबरीवर ती ओळ कशी कोण जाणे पडली होती, आणि दर महिन्याला जुन्या कागदावरून नवा करताना तशीच उतरत आली होती. असा नियम कधी नव्हताच. महिन्याच्या महिन्याला सगळ्यांना सगळं नवं सांगणाऱ्या बाईंनी ती एक ओळ तेवढी कधी बदलली नव्हती.

बाईंचा चेहरा उतरला. त्यांनी पेन काढलं, ती ओळ खोडली, आणि वर लिहिलं: 'सर्वांसाठी.' पेन इतकं जोरात टेकलं, की मला गुदगुल्या झाल्या. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. आमच्या बाईंच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. "बाई, कोंबड्या आमच्या. बाबांच्या खुराड्यात साथ आली होती." खिडकीजवळचा एक जण म्हणाला, "पूल माझे. चार नंबर सगळ्यांना उघडाच असतो, असं वाटलं मला." हिशेब विभागातले काका, जे कधीही कोणाशी बोलत नाहीत, ते दारातूनच पुटपुटले, "कानदुखी आमच्या नातवाची." बाईंनी डोक्याला हात लावला, पण त्या हसत होत्या.

संध्याकाळचं पत्र गेलं, पण वेगळं: थोडे दिवस थांबा, एवढंच. चार दिवसांत त्रेसष्ट जणांनी आपापली नावं नोंदवली आणि ती यादी घेऊन बाई स्वतः प्राचार्यांच्या दालनात गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी माझ्या कपाळावर नवी खबर लावली: संच चालू राहील. माझा जीव भांड्यात पडला. सरांनी आपलं प्रमाणपत्र आणून माझ्यामागच्या भिंतीवर टाचणीनं लावलं. "याचे त्रेसष्ट तुकडे करणं बरं दिसत नाही," ते म्हणाले, "म्हणून सगळ्यांचं मिळून इथंच राहू दे."

त्रेसष्ट जणांत पहिलं नाव नळीताईचं. पासवर्ड टाकताना तिनं एकेक अक्षर असं दाबलं, जणू काचेची नळी हातात आहे. माझी काच जरा विचारात पडली, मी म्हातारा आहे, मला वेळ लागतो. मग तिच्यासमोर आलं: 'आपलं स्वागत आहे,' आणि खाली तिचं नाव. पूर्ण नाव, अगदी सगळंच्या सगळं. या महाविद्यालयात तिला त्या नावानं आजवर कोणी हाक मारली नव्हती. तिनं सवयीनं कोपऱ्यावर अंगठा ठेवला, मग तिच्या लक्षात आलं आणि तिनं तो उचलला. नाव हळूच वाचलं. त्या दिवशी तिनं लेख वाचायच्या आधी डबा उघडला.

तिचा प्रबंध आता माझ्या समोरच्याच कपाटात आहे. आभाराच्या पानावर बाई आहेत, सर आहेत, आणि शेवटच्या ओळीत 'चार नंबर' असंही लिहिलंय. मी ते वाचलेलं नाही, मला बाईंनी वाचून दाखवलं. खोटं नाही सांगत, त्या दिवशी मी दोनदा बंद पडलो.

मित्रांनो, आता माझं एवढंच मागणं आहे. माझ्या कीबोर्डात बिस्किटाचा चुरा सांडू नका, अधूनमधून फडकं मारा, कपाळावरचं पिवळं वाचत जा. आणि उठताना लॉगआउट करा. मागून येणाऱ्याला पासवर्ड मागितला तर तो वैतागेल, मला दोन शिव्या देईल, देऊ दे. पण तो बाईंकडे जाईल, आणि बाई त्याला त्याचं नाव विचारतील.

चष्मेवाले सर अजूनही विसरतात. आज सकाळीच ते तसेच चहाला निघाले होते. नळीताई दारातूनच ओरडली, "सर, तुमचं नाव राहिलं बघा मागे!"

सर परत आले आणि आधी चष्मा शोधू लागले.