उजेड उतरवणारे बटण

मित्रांनो, मी झोंबा डोंगराच्या पायथ्याशी एका प्राथमिक शाळेत राहणारा जुना लॅपटॉप आहे. माझ्या बटणांवरची निम्मी अक्षरे पुसली गेली आहेत आणि एका बिजागरीला तार गुंडाळलेली आहे. तरी रोज सकाळी मी कामाला हजर असतो.

तरुणपणी मी थ्योलोच्या एका चहाच्या मळ्यात होतो. तिथे सहा वर्षे मी मळ्याची पत्रे लिहिली. मग ऑफिसात नवा लॅपटॉप आला आणि मी कपाटात गेलो. पुढे मळ्याने जुने सामान शाळांना वाटले, तेव्हा मी इथल्या शिक्षिका एनेलेसबाईंच्या हाती पडलो.

एनेलेसबाईंच्या घरात सगळे काळे. त्या मात्र जन्मतःच पांढऱ्या, केस पिवळसर, आणि डोळ्यांना उजेड सोसत नाही. रस्त्यात लोक वळून बघतात. बाई रुंद काठाची टोपी घालून ताठ चालतात. त्यांच्याकडे अधू नजरेची अकरा मुले शिकतात. त्यांतली चार बाईंसारखीच. साधी प्रश्नपत्रिका त्या मुलांना वाचताच येत नसे. परीक्षेत कोणीतरी ती मोठ्याने वाचून दाखवी. बाईंनी ठरवले की मुलांना मोठ्या अक्षरांतले पेपर द्यायचे, आणि ते काम माझ्याकडे आले.

मला उघडले की बाई आधी वरच्या ओळीतले एक बटण चार-पाच वेळा दाबत आणि पडद्याचा उजेड अगदी खाली उतरवत. मग नाक जवळजवळ टेकवून टाइप करत. इतक्या जवळून माझ्याकडे आजवर कोणी पाहिले नव्हते.

यंदा शाळेत नवा प्रिंटर आला आणि माझ्या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमशी त्याचे काही जमेना. बाजारात दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या विल्सनभाऊंनी माझ्यात नवी सिस्टिम घातली. प्रिंटर चालू झाला. पण त्या बुधवारी बाईंनी उजेडाचे बटण दाबले आणि काहीच झाले नाही. वरची सगळी ओळ मुकी झाली होती. सेटिंगमधली उजेडाची पट्टीही हलेना. पडदा भर दुपारसारखा तळपत राहिला.

सोमवारी परीक्षा होती. पाच पेपर बाकी होते. बाईंनी काळा चष्मा लावला, कमरेला गुंडाळायचे रंगीत कापड, चितेंजे, पडद्यावर पांघरले, तरी दहा मिनिटांत त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. विल्सनभाऊ म्हणाले, कीबोर्ड गेला, नवा ब्लांटायर शहरातून यायला दोन आठवडे लागतील. मुख्याध्यापक कामवेंडोसर भले गृहस्थ. यंदा पूर्वीसारखेच वाचून दाखवू, असे त्यांनी सुचवले. सहावीतली लुसुंगू तिथेच उभी होती. ती हळूच म्हणाली, "सर, वाचणारे घाईत असतात. गणित परत वाचा म्हटलं की रागावतात."

मला माझी फार लाज वाटली.

गुरुवारी दुपारी बाईंनी मला पुन्हा सुरू केले. लखलखाट होण्याआधीच त्यांनी डोळे मिटून बटण दाबून धरले. माझ्या कंपनीचे नाव तेवढे पडद्यावर उमटले होते, आणि उजेड उतरला! मग सिस्टिम आली आणि पडदा पुन्हा पेटला. बाईंनी तीनदा तसेच करून पाहिले. मग मला चितेंज्यात गुंडाळून त्या थेट बाजारात गेल्या.

"भाऊ, बटणं मेली नाहीत. तुमची सिस्टिम यायच्या आधी ती ऐकतात."

"बाई, असं कसं होईल?"

"तुम्हीच दाबून बघा की."

भाऊंनी दाबून पाहिले. पुन्हा सुरू करून परत दाबले. मग म्हणाले, "चूक माझी. ह्या बटणांचा निरोप सिस्टिमला पोचवणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो; उजेडाची पट्टीही त्याच्याच जोरावर हलते. जुन्या सिस्टिमबरोबर मी तोही पुसून टाकला."

तो परत आणायला माझा मॉडेल नंबर हवा होता. नंबर पोटावरच्या झिजलेल्या कागदावर, आणि भाऊंना तो लागेना. बाईंनी पिशवीतून भिंग काढले, कागदाला नाक लावले आणि एकेक आकडा सांगितला. "तुमचे डोळे चांगले, म्हणून तुम्ही लवकर कंटाळता," त्या म्हणाल्या. भाऊ हसले आणि त्यांनी चहा आणि मंदासी, म्हणजे तळलेले गोड गोळे, मागवले.

प्रोग्रॅम उतरायला संध्याकाळ झाली. मग बाईंनी बटण दाबले. उजेड एकेक पायरी खाली आला, आणि बाईंच्या कपाळावरची आठीही उतरली.

सोमवारी अकरा मुलांपुढे अकरा पेपर होते, ठसठशीत अक्षरांचे. लुसुंगूने पहिले गणित तीनदा वाचले. तिला वेळ होता.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूत काही नवे घालाल तेव्हा तिचे काय पुसले जाते, तेही पाहा. ती मुकी झाली तर लगेच मोडीत काढू नका; तिला कुठवर ऐकू येते ते आधी तपासा. आणि कधीतरी माझ्यासारख्याच्या पंख्यातली धूळ फुंकून टाका. आता मात्र मला थांबता येणार नाही. बाई आल्या आहेत, आणि तिसरीचा भूगोल अर्धाच झाला आहे.