काउंटरला चालणारे दात

साहेब, तुम्ही माझे दात बघितलेत, माझं काम बघितलं नाहीत. आणि जे तोंडानं बोललात ते कागदावर उतरवायची तुमची छाती झाली नाही.

परळच्या या हॉस्पिटलात नऊ वर्षं मी तळघरातल्या रेकॉर्ड रूममध्ये काढली. पुढच्या काउंटरची जागा रिकामी झाली तेव्हा रीतसर अर्ज केला. तुम्ही केबिनमध्ये बोलावलंत, फाईल चाळलीत, म्हणालात, "लतिका, काम चांगलं आहे तुमचं. पण काउंटरला स्माईल लागतं. दातांचं काहीतरी करून घ्या. महिनाभर जागा भरत नाही मी." मी "हो सर" म्हटलं. ओठ जेमतेम उघडून म्हटलं.

त्याच काउंटरच्या दुसऱ्या खुर्चीवर हेमचंद्र बसतो. मावा खातो. त्याचे दात भिजलेल्या विटेसारखे आहेत. त्याला कुणी महिना दिलेला नाही. पण हे मला तेव्हा सुचलंच नाही. तेव्हा मी खाली बायकांच्या बाथरूममध्ये जाऊन आरशासमोर ओठ वर करून उभी राहिले.

लालबागला आमच्या खोलीत मी, आई आणि धाकटा भाऊ दौलत. दौलतनं जेवता जेवता मोबाईल पुढे केला.

"दात पांढरे करायचं किट येतं ताई, घरी करायचं. निळी लाईट तोंडात धरायची. सात दिवसांत हिरॉईन."

"आणि हिरड्या भाजल्या तर?"

"हिरड्या कोण बघतंय? तुझा साहेब काय तोंडात टॉर्च मारणार आहे?"

किटबरोबर येणारा साचा सगळ्या जगाला एकच. माझा एक दात दुसऱ्याच्या खांद्यावर चढून बसलाय, तो त्या साच्यात कुठे मावायचा? म्हणून रविवारी दादरला गेले, डॉक्टर पूर्वींकडे. तरुण पोरगी, माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहान, पण हात शांत. तिनं नीट समजावलं. दवाखान्यात खुर्चीवर बसून तासाभरात होतं, औषध कडक असतं, हिरड्या झाकून लावतात, खर्च जास्त. दुसरं, माझ्याच दातांच्या मापाचा साचा ती बनवून देणार, मी घरी रोज तासभर सौम्य औषध घालून तो लावायचा, दोनतीन आठवडे. आणि तिसरं ते किट, ज्याच्याबद्दल ती म्हणाली, "घेऊ नका एवढंच सांगते."

मग विचारलं, "तंबाखू, गुटखा?"

"नाही."

खोटं बोलले असं मला वाटलंच नाही, साहेब. आमच्याकडे मशेरी कुणी खात नाही, मशेरी लावतात. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळी बोटानं दातांना घासायची. माझी आजी लावायची, आई लावते, मी चौदाव्या वर्षापासून लावते. पेस्टच्या जागी पेस्ट. तंबाखू खातात ते बाप्ये, नाक्यावर, हातावर मळून. असं डोक्यात पक्कं बसलेलं.

खरं तर याहून वाईट आहे. आपल्याकडच्या केस पेपरवर 'सवयी' असा रकाना असतो. कोकणातून आलेल्या बायकांच्या पेपरवर तिथे 'मशेरी' लिहिलेलं मी शेकडो वेळा वाचलंय. त्यांचे आजार काय होते तेही वाचलंय. वाचून फाईल जागेवर लावली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबी उघडली. फाईलीतली बाई मला कधी मी वाटली नाही. याबद्दल तुमच्याआधी मला माझाच राग येतो.

मी साच्याचा मार्ग घेतला. डॉक्टरनं आधी दात साफ करून दिले आणि साचा लावायचा तेवढे दिवस चहा, हळद, कोकम बंद सांगितलं. म्हणजे आमच्या घरात उपासच. मशेरी काळी, म्हणून तीही मी आपणहून बाजूला ठेवली. आई पेज पुढे ठेवायची नि म्हणायची, "बाळंतीण जशी." पाचव्या दिवशी मात्र फरक दिसला. मी खोटं बोलणार नाही, मला आवडलं. स्टीलच्या ताटात बघत होते, मोबाईलमध्ये बघत होते. दौलतनं फोटो काढला तेव्हा तोंडावर हात गेला नाही. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

सहाव्या दिवशी कळ सुरू झाली. पाणी लागलं की मस्तकात जायची, वारा लागला तरी. डॉक्टरनं सांगितलं होतं, असं झालं तर दोन दिवस थांबा, फोन करा. मी थांबले नाही. महिना तुमचा होता, तुमच्या घड्याळावर चालला होता. साचा लावतच राहिले.

आई शेजारी येऊन बसली. "दुकता काय गो?"

"खूप."

"मगे चिमटीभर मशेरी लाय. गप होतला. माजी दाढ दुकायची तेव्हा मी दुसरा काय केलंय?"

ती बरोबर होती. दाताला मुंग्या येतात, बधिर होतं, कळ जाते. मी लावली. दुसऱ्या दिवशीही लावली. आठवडाभर बंद होती तर बोट आपोआप डबीत गेलं, कळ निमित्त झाली. साच्यातलं औषध आणि मशेरी, आळीपाळीनं, सहा दिवस.

गुरुवारी डॉक्टर पूर्वींनी तोंड उघडायला सांगितलं आणि दिवा जवळ ओढला. औषधानं मोकळ्या झालेल्या दातांनी सगळा काळा रंग पिऊन घेतला होता. कडांना पट्टे, दातांच्या मधल्या फटी आधीपेक्षा काळ्या.

"हे काय लावलंत?"

"मशेरी. दुखत होतं म्हणून."

"तुम्ही तंबाखू नाही म्हणालात."

"तंबाखू नाहीच खात मी."

तिनं हातमोजे काढले. माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, मी 'मशेरी' असं विचारायला हवं होतं. चूक माझीही आहे."

मी मोठ्या लोकांकडून हे वाक्य फार वेळा ऐकलेलं नाही, साहेब.

महिना सोमवारी संपत होता आणि तुम्ही दात बघणार होतात, तेही तिला सांगितलं. ती म्हणाली, "शुक्रवारी कडक औषधानं एका बैठकीत करता येईल. सोमवारपर्यंत बरे दिसतील. पण दात आधीच दुखावलेत, कळ वाढेल, मग तुम्ही परत डबी उघडाल. माझं विचाराल तर आधी मशेरी सोडा. तीन आठवडे दातांना विश्रांती. मग हळूहळू करू."

"तीन आठवड्यांनी जागा नसेल."

"ते मला नाही ठरवता येणार."

दादर ते लालबाग मी चालत आले. वाटभर हाच हिशोब. एका बाजूला तुमचा सोमवार, दुसऱ्या बाजूला माझं तोंड, जे मला अजून तीस-चाळीस वर्षं वापरायचंय. घरी येऊन डबी मोरीत रिकामी केली. आई बघत होती. "माजी तरी ठेव," म्हणाली. तिची ठेवली. पासष्ट वर्षांच्या बाईच्या हातातून मी हिसकावणार नाही, पण तिला डॉक्टर पूर्वींकडे नेणार आहे. आज मशेरीशिवाय माझा सहावा दिवस. डोकं दुखतं. हे तुमच्यासाठी नाही, एवढं ध्यानात ठेवा.

काल, सोमवारी, मी तशीच आले. तुम्ही मान वर करून बघितलंत, म्हणालात, "उलट जास्तच दिसतंय." मी ओठ मिटले नाहीत. विचारलं, "सर, हेमचंद्रला किती महिने दिलेत?"

तुम्ही म्हणालात, "तो विषय वेगळा आहे," आणि फोन उचललात. फोन वाजला नव्हता.

बाहेर काउंटरपाशी सावंतवाडीकडची एक म्हातारी पदर तोंडावर धरून उभी होती. हेमचंद्रला तिचं बोलणं कळेना. तो दोनदा ओरडला. मी तळघरात जाता जाता थांबले, तिच्या बोलीत विचारलं, तिला एक्स-रेकडे पोचवून आले. तेच काम होतं, ज्याला स्माईल लागतं.

तर विषय वेगळा कसा, तेवढं सांगा. मी अर्ज लेखी दिला होता, उत्तरही लेखी हवं. नाकारण्याच्या कारणाचा रकाना आहे त्या फॉर्मवर, नऊ वर्षं मीच ते फॉर्म लावते. त्यात 'दात' हा शब्द लिहा आणि खाली सही करा. करता का?