पाठराणीचा चेहरा

पाठराणीला चेहरासुद्धा आहे, हे सिनेमावाल्यांच्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली.

तशी त्यांची काही चूक नव्हती. फर्निचरच्या गोदामावर एक लांबट खोली होती, तिथे काही वेडी माणसं प्रायोगिक नाटकं बसवत. त्यातल्या एका नाटकात एक बाई पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रेक्षकांकडे पाठ करून बसते आणि नवरा, मुलगा, शेजारी असे एकेक जण येऊन तिच्याशी बोलून जातात. मंडळींच्या मुख्य नटीने संहिता वाचली आणि विचारलं, "पण हे मी केलंय हे लोकांना कळणार कसं?" एवढं विचारून ती जी गेली ती गेलीच. मग कपडेपटात बटणं शिवणाऱ्या नव्या मुलीला उचलून खुर्चीवर बसवलं. तिचं नुकतंच लग्न झालं होतं. पाठ करून बसायची सवय तिला घरीच लागत होती, पण ते तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

पहिल्या प्रयोगाला समोर बसलेल्यांपेक्षा नटच जास्त होते. पण जे आले होते ते बाहेर जाऊन शपथेवर सांगू लागले की ती बाई मधल्या प्रवेशात रडली. एका टीकाकाराने लिहिलं की या अभिनेत्रीच्या खांद्यांना डोळे आहेत. प्रकाशयोजना करणाऱ्याने तिला पाठराणी म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव तिला असं चिकटलं की दुधवालासुद्धा तेच म्हणू लागला.

मग सिनेमे आले. रुग्णाच्या उशाशी बसलेली बहीण, खिडकीतून बाहेर बघणारी विधवा, कितीही हाका मारल्या तरी न वळणारी कारकून. मेकअपवाला तिच्या मानेला पावडर लावून मोकळा व्हायचा. रस्त्यात कुणी तिला ओळखायचं नाही. फार तर ती पुढे निघून गेल्यावर मागून कुजबुज व्हायची.

तिला पक्कं ओळखणारं माणूस जगात एकच होतं, आणि ते घरात होतं. सासूबाई तिचा प्रत्येक सिनेमा पाहायच्या आणि शेजारच्या खुर्चीतल्या अनोळखी बाईला कोपराने ढोसून सांगायच्या, "ही आमची. तो डावा खांदा बघा. ओट्याशी उभी असते तेव्हा अस्साच असतो."

खरी तालीम ओट्याशीच झाली होती. भांडी घासायची जागा भिंतीला लागून, मागे जेवणाचं टेबल, आणि टेबलाशी सासूबाई पेपर उघडून. पेपर नावाला. सगळं लक्ष सुनेकडे. त्या मागून एखादा टोमणा सोडायच्या, ती "बरं" म्हणायची आणि बाकीचं पाठीवर सोपवायची. सासूबाई ते घडाघडा वाचायच्या. "खांदा चढला. म्हणजे पटलेलं नाही." किंवा, "मान कलली. आता दोन दिवस माझ्याशी फार गोड वागेल."

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एक तरुण दिग्दर्शक घरी आला. त्याचा पहिलाच सिनेमा. नायकाला लहानाचं मोठं करणाऱ्या मावशीची भूमिका तिने करावी, असं त्याचं म्हणणं होतं.

"कुठल्या बाजूने?" तिने सवयीने विचारलं.

"समोरून. मला तुमचा चेहरा हवाय, ताई."

आठवडाभर ती आरशासमोर उभी राहून सराव करत होती. नवरा दातांचा डॉक्टर. जाता-येता त्याने दोनदा थांबून विचारलं, "दुखतंय का कुठे? दाढ वगैरे?" तिचा धीर आणखी खचला. शूटिंगच्या दिवशी सासूबाई चप्पल घालून दारात तयार. "इतकी वर्षं मागची बाजू बघितली. आज पुढची बघते."

सेटवर स्वयंपाकघर उभं केलं होतं. भांडी घासायची जागा होती, नळ होता, पण त्यामागची भिंत काढून तिथे कॅमेरा ठेवला होता. प्रसंग एवढाच होता: मावशी भांडी घासतेय, मागे उभा राहून नायक म्हणतो, "मावशी, उद्यापासून मी इथे राहणार नाही." मावशी वळत नाही. ती म्हणते, "बरं." जे बोलत नाही ते तिच्या चेहऱ्यावर दिसायला हवं.

पहिल्या टेकला तिच्या चेहऱ्यावर पासपोर्टच्या फोटोत असतात तेवढेच भाव होते. "थोडं जास्त, ताई," दिग्दर्शक म्हणाला. जास्त केल्यावर "थोडं कमी." कमी केल्यावर तो घड्याळाकडे बघू लागला, आणि ते तिला सगळ्यात जास्त लागलं. नायक कंटाळून आपल्या खोलीत जाऊन पडला. दिग्दर्शक आणि कॅमेरामन डोकं जवळ आणून बोलू लागले, पण सेटवर कुजबुज लपत नाही.

"मागून घेऊ या. तिथे त्या भारीच असतात. चेहरा हिरोचा धरू."

आज कॅमेरा मागे गेला की तो पुन्हा पुढे यायचा नाही, हे तिला लख्ख कळलं. ती म्हणाली, "आणखी एकदाच. मग मागून घ्या."

नायकाला उठवायला कुणी धजावेना. त्याचं वाक्य सहायकाने वाचायचं ठरलं. सासूबाई मागे स्टुलावर बसल्या होत्या. कॅमेरा सुरू झाला. सहायकाने गाड्यांचं वेळापत्रक वाचावं तसं वाक्य वाचलं. तिने म्हटलं, "बरं."

आणि मागून आवाज आला, "बरं काय? कढई तशीच तेलकट आहे. मला इथून दिसतंय."

साउंडवाल्याने दोन्ही हात वर केले. दिग्दर्शकाने त्याचा खांदा दाबून धरला, कारण मॉनिटरच्या पडद्यावर काहीतरी घडत होतं. आधी तिची नजर वर गेली. नाकपुड्या फुलल्या. मग ओठ आवाज न करता हलू लागले. चांगलं लांबलचक उत्तर होतं, मुद्देसूद, मधे एक-दोन शेलकी विशेषणं. मग जीभ गालात गेली.

"आणि नळ बंद कर आधी," सासूबाई म्हणाल्या.

नळाला पाणीच नव्हतं. तिचा ओठ एका कोपऱ्यात निसटला, तिने तो दाताखाली धरला, आणि हसू दाबता दाबता डोळे भरून आले. हा चेहरा ती वर्षानुवर्षं रोज करत आली होती. समोर भिंत असल्यामुळे तो कुणाच्या दृष्टीस पडला नव्हता, इतकंच.

"कट," दिग्दर्शक इतक्या हळू म्हणाला की तिला तो दुसऱ्यांदा म्हणावा लागला.

सासूबाईंनी चष्मा लावला आणि थेट मॉनिटर गाठला.

"आई, राहू द्या ना. चहा आलाय."

"येऊ दे." त्यांनी सगळं पाहिलं. "पुन्हा लाव रे." पुन्हा पाहिलं, या वेळी नाक पडद्याला टेकवून. मग सुनेकडे वळल्या. "रोज?"

"रोज नाही काही."

"मी बोलले की?"

"कधीकधी."

"ते ओठ हलतायत, तिथे काय म्हणतेस?"

"काही नाही."

"काही नाही म्हणायला एवढा वेळ?"

ती जमिनीकडे बघत राहिली. सासूबाईंनी चष्मा काढून पदराला पुसला.

"मीही करायचे," त्या म्हणाल्या. "पण माझ्यासमोर फळीवर ताटं मांडलेली असायची, चकचकीत. सासूला सगळं दिसायचं."

"मग?"

"मग काय. ताटं घासणं कमी केलं."

दिग्दर्शकाला ठेवणीतला म्हणून आणखी एक टेक हवा होता. सासूबाई पुन्हा स्टुलावर जाऊन बसल्या. "आता काय बोलू?"

"तेच, आजी. मघाशी बोललात तसंच."

कॅमेरा सुरू झाला. सहायकाने वाक्य वाचलं. तिने म्हटलं, "बरं," आणि ती वाट बघू लागली. मागून काही येईना. ज्या बाईला इतक्या वर्षांत कधी शब्द कमी पडले नव्हते, ती घसा खाकरत होती, स्टूल करकरवत होती.

शेवटी त्या म्हणाल्या, "समोरून बरी दिसतेस गं."

त्यावर पाठराणीच्या चेहऱ्याचं जे काही झालं ते त्या प्रसंगात कुठेच बसणारं नव्हतं. दिग्दर्शकाने कढईवालाच टेक ठेवला.