गोलाले बांधलेलं जाळं

आमच्या रिंकूचा सत्कार झाला तवा करडीच्या फाट्यावर हा मोठा बॅनर लागला. बॅनरवर माही पोरगी, अन् तिच्या पायाखाली फुटबॉल! मी तिथंच बोंबलली, "अरे मुडद्याहो, हँडबॉल हाताचा खेळ हाय ना बे!" कोणी ऐकलं नाही. ढीवराची पोरगी देशाच्या टीममधी गेली, गावाले तेवढंच पुरे झालं.

मी जमुनाबाई, रिंकूची माय. दारोदार मासोळ्या इकतो, म्हणून तोंड जरा तिखट हाय. पण पोरीचा खेळ मी भंडाऱ्याले माह्या डोळ्यानं पाहिला. दोघी आंगावर धावल्या, एकीनं ड्रेस धरला, तरी हे उडाली अन् वरूनच असा बॉल हाणला का गोलवालीनं डोळेच मिटले. काय सांगू, आंगावर काटा आला! देशासाठी बाहेर खेळली, मेडल घेऊन आली. मंग गुडघा गेला. डॉक्टर म्हणे, आता बस्स. मले वाटलं, पोरगी खचते. ते कायची खचते! गावच्या पोट्ट्या गोळा करून तलावाच्या पाळीवर शिकवाले लागली.

गोलाले बांबू भेटले, जाळं नाही भेटलं. बॉल सरळ तलावात जाये, पोट्ट्या त्याच्यामागं पाण्यात उतरत. मायबाप भेले. रोज एकदोन पोट्ट्या कमी होऊ लागल्या.

मच्छीमार सोसायटीत जुनी जाळी पडून होती. पण टिकारामबुवा तिथले अध्यक्ष. रिंकू एक जाळं मांगाले गेली तं ते भडकले, "जाळ्याले चुकून पाय लागला तं आपण हात जोडतो, अन् तुम्ही त्याच्यावर लाथेनं बॉल मारान? नाही भेटत!"

गुडघा गेला तवा न रडलेली माही पोरगी त्या दिवशी रडली. मंग माहं डोस्कं सरकलं. बुवाच्या घरी गेली अन् त्याहिले हाताले धरूनच पाळीवर आणलं. "बसा, अन् गुमान पाहा."

खेळ सुरू झाला. एका पोट्टीनं पायानं बॉल अडवला. रिंकूनं शिट्टी मारली अन् बॉल समोरच्या टीमले देऊन टाकला.

"काहून थांबवलं?" बुवानं इचारलं.

"पाय लावला ना तिनं, काकाजी. ह्या खेळात बॉलले पाय लावला तं बॉल जाते."

बुवानं त्या पोट्टीच्या पायाकडं पाहिलं. मंग म्हणाले, "अन् थ्या बॅनरवर?"

"थो बॅनरच चुकला होता ना बुवा! गळा फाडून सांगतलं मी तवा!"

दुसऱ्या दिवशी सकारीच बुवा आले. सोसायटीचं जुनं नाही, सोताचं जाळं खांद्यावर. चप्पल बाजूले काढली अन् बांबूले सोताच्या हातानं बांधून देलं. रिंकू पदर नाही म्हणून ओढणीनंच डोळे पुसत होती.

आता पोट्ट्या भेल्या. बुवाचं जाळं फाटलं तं? एकीनं हळूच बॉल टाकला.

बुवा वरडले, "अशी कायले फेकते वं? रिंकूवानी हाण! फाटलं तं मी शिवतो."