डॉक्टर सोल्बर्गच्या घरावरचे दिवे

मार्लिसने रेडिओ अठ्ठ्याऐंशी पॉइंट तीनवर, दिव्यांचं गाणं लागतं त्या जागी, आणला आणि आवाज वाढवला. खरखर, मग घंटांचा एक तुटका सूर, मग पुन्हा खरखर. पिकअपच्या काचेवर आतून वाफ धरली होती. तिने हातमोज्याच्या पाठीने ती पुसली. पुढे तेरा गाड्या होत्या, दिवे मालवून आणि इंजिनं चालू ठेवून उभ्या असलेल्या.

"जवळ गेलं की नीट लागेल," ऑरिन म्हणाला.

"कधी लागतं ते माहीत आहे मला."

ऑरिनने दातांखाली सूर्यफुलाची बी फोडली आणि टरफल कागदी पेल्यात टाकलं. चाळीस वर्षांच्या संसारात तो जिथे गप्प बसायचं तिथे गप्प बसायला शिकला होता. आज तर घर सोडल्यापासून तीस मैल त्याने तोंड फक्त बियांसाठी उघडलं होतं.

रविवारी चर्चच्या तळघरात कॉफी ओतता ओतता डोलोरेस म्हणाली होती, "दाताच्या डॉक्टरांकडचे दिवे पाहिलेस का ग? अगदी तुझ्यासारखेच!" आणि तिने पर्समधून पेपरचं कात्रण काढलं होतं. त्यात केंट सोल्बर्ग घरासमोर हात पसरून उभा होता. खाली त्याचे शब्द छापले होते: सगळं घरीच केलं, अख्खा उन्हाळा यात गेला.

मार्लिसने ते कात्रण वाचून परत दिलं होतं, आणि मग तळघरातले सगळे कप एकटीने विसळले होते. तिच्या माहेरी रागावण्याची पद्धत नव्हती. राग यायचा, पण तो भांड्यांवर जिरवला जायचा.

केंट मार्चमध्ये तिच्याकडे शिकायला आला होता. चार शनिवार. श्रवणयंत्रांच्या कारखान्यात तिने सव्वीस वर्षं भिंगाखाली तारांना सोल्डरचे डाग दिले होते. तेच हात आता गॅरेजमध्ये दिव्यांच्या माळा चालवणाऱ्या सर्किटच्या पाट्या बनवत. केंटला धड डागही देता येत नव्हता. तिने त्याचं मनगट धरून शिकवलं, लिंबाच्या वड्या खाऊ घातल्या, आणि कॉम्प्युटरवर तिचं गाणं उघडून दाखवलं. गाण्याच्या कुठल्या ठोक्याला कुठला दिवा लागणार, किती वेळ राहणार, कसा विझणार, ते सगळं बारीक चौकोनांत भरलेलं होतं. सेकंदभराच्या गाण्याला एक अख्खी संध्याकाळ लागायची. तीन मिनिटं दहा सेकंदांचं गाणं बसवायला तिला एक हिवाळा आणि एक उन्हाळा लागला होता.

रांग पुढे सरकली. पिवळं जाकीट घातलेल्या एका म्हाताऱ्याने हातातली कांडी हलवून त्यांना थांबवलं. रेडिओ लख्ख लागला.

आणि घर उजळलं.

पहिल्या चार ठोक्यांतच मार्लिसने सीटबेल्ट घट्ट धरला. डावीकडचं झाड घंटेच्या किंचित आधी लागत होतं. तसं तिनेच केलं होतं. तिच्या अंगणातला मेपल रस्त्यापासून लांब होता, तिथला दिवा डोळ्याला जरा उशिरा जाणवायचा, म्हणून तो आधी लावायचा. इथलं झाड तर फुटपाथलाच चिकटून होतं. तिच्याकडे दिव्यांची सर्पिल माळ धान्याच्या मनोऱ्यासारख्या कोठीवरून साठ फूट चढायची. इथे ती झेंड्याच्या खांबावरून चढली, आणि खांब संपला तरी संगीत चढतच राहिलं.

मग सगळं काळोखात गेलं. चार ठोके फक्त एका खिडकीची चौकट पिवळी उजळून राहिली.

तिच्या घरात ती स्वयंपाकघराची खिडकी होती. बाकी सगळं विझवून तेवढीच ठेवायची हे तिला गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये एका दुपारी मक्याची कणसं सोलताना सुचलं होतं. इथे ती भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात होती, लहानशी, धुरकट काचेची.

"ती बाथरूमची खिडकी आहे," मार्लिस म्हणाली.

ऑरिनने आणखी एक बी फोडली.

"ऑरिन, त्याने माझी खिडकी बाथरूमला लावली."

मागच्या गाडीत कुणीतरी टाळ्या वाजवल्या. पुढच्या गाडीच्या छपरातून दोन लहान मुलींनी डोकी बाहेर काढली होती आणि त्या प्रत्येक घंटेला हात वर फेकत होत्या. या क्षणी घरीही हेच गाणं चालू असणार, मार्लिसच्या मनात आलं. साडेपाचला टायमरवर आपोआप लागतं, खडीच्या रिकाम्या रस्त्यासमोर.

तिने पट्टा सोडला.

"मार्लिस, थंडी आहे."

"मला नाही वाजत."

केंट गॅरेजच्या दारात उभा होता, डोक्यावर सांताची टोपी, हातात कोकोचा पेला. शेजारी बघायला येणाऱ्यांनी अन्नदानासाठी दिलेल्या बंद डब्यांचा ढीग होता, आणि त्यावर मोठी पाटी: सोल्बर्ग कुटुंबाकडून नाताळच्या शुभेच्छा. तिला पाहून त्याचा चेहरा खुलला. खरोखरच खुलला, आणि त्यामुळेच ती आणखी चिडली.

"अरे वा, मार्लिस! आलात तुम्ही! कसं वाटलं?"

"कुणाचं आहे हे?"

"म्हणजे?"

"गाणं कुणी बसवलंय, केंट?"

त्याने पेला खाली ठेवला. टोपी काढली. टोपीशिवाय तो पुन्हा दाताचा डॉक्टर दिसायला लागला, वाईट बातमी सांगायच्या आधीचा.

"मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे."

"मी कॉफी आणायला आत गेले तेव्हा घेतलंस का माझ्या कॉम्प्युटरवरून? चार शनिवार माझ्या टेबलावर बसून?"

"नाही हो! मी कशाला..." तो रस्त्याकडे बघू लागला. "ऑरिननी दिलं मला. जूनमध्ये. दात साफ करून घ्यायला आले होते तेव्हा. उठताना खिशातून पेन ड्राइव्ह काढून हातात ठेवला माझ्या."

घंटा वाजत होत्या. मार्लिसच्या चेहऱ्यावरून लाल प्रकाश गेला, मग हिरवा.

"काय म्हणाला?"

"म्हणाले, आमच्याकडे कुणी येत नाही. तुम्ही गावात राहता, इथे लोक बघतील." केंट अडखळला. "पाटीवर तिचं नाव घाला म्हणाले."

"मग?"

"घालणारच होतो. पण अन्नदानवाल्यांना त्यांची पाटी हवी होती, मग मुलं म्हणाली आपलं नाव... आणि दिवे तर मीच जोडलेत ना, मार्लिस. सोळा हजार. अख्खा उन्हाळा खरंच गेला."

"पेपरला सांगितलंस सगळं घरीच केलं म्हणून."

"त्यांनी विचारलं नाही."

"त्यांनी विचारलं नाही," मार्लिस म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण कोको घ्यायला आलेलं एक जोडपं हात मागे घेऊन तसंच परत फिरलं. "मी तुला विचारलं होतं का, केंट, की तुझं मनगट का थरथरतं? न विचारताच धरलं ना मी?"

तिने त्याच्यासाठी थांबायचं ठरवलं असतं तर तो बहुधा माफीच मागणार होता. ती थांबली नाही.

पिकअपमध्ये बसून तिने दार ओढून घेतलं. ऑरिनने टरफलांचा पेला दोन्ही हातांत धरला होता.

"जूनमध्ये," ती म्हणाली.

"हो."

"मला विचारलं नाहीस."

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते!"

"म्हणून नाही विचारलं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. या माणसावर आपण आयुष्यात एकदाही ओरडलो नाही याचा तिला आत्ता पश्चात्ताप होत होता. कुठून सुरुवात करायची तेच कळत नव्हतं.

"आठ गाड्या, मार्लिस," तो पेल्याकडे बघत म्हणाला. "गेल्या वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी. मी खिडकीतून मोजल्या. त्यातली एक रस्ता चुकलेली होती, वळायला आपल्या अंगणात आली. तू आत डोळे फोडून बसतेस, महिनोन् महिने, आणि बाहेर आठ गाड्या. मला बघवत नव्हतं."

"तुला बघवत नव्हतं म्हणून माझी वस्तू तू देऊन टाकलीस."

"नाव घाला म्हणालो होतो त्याला."

"आणि तीस मैल गप्प बसलास. रविवारपासून गप्प बसलास. मी त्याला चोर म्हणत होते, घरात, तुझ्यासमोर, रोज जेवताना, आणि तू हॉटडिश वाढून घेत होतास!"

"मला वाटलं पेपरने नाव गाळलं असेल. इथे पाटीवर असेल." ऑरिनने मान हलवली. "तेच बघायला आलो होतो मी."

म्हाताऱ्याची कांडी हलली. पुढच्या गाड्या निघून गेल्या, समोरचा रस्ता रिकामा झाला. ऑरिनने गाडी हलवली नाही. मागून कुणी हॉर्नही वाजवला नाही. इकडे कुणी वाजवत नाही. गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

मार्लिस उतरली. ऑरिनला वाटलं ती पुन्हा केंटकडे निघाली. पण ती मागच्या गाडीपाशी गेली आणि तिने काचेवर टकटक केलं.

काच खाली आली. आत शालीत गुंडाळलेले आजी-आजोबा होते.

"हे गाणं मी बसवलंय," मार्लिस म्हणाली.

"काय?"

"दिव्यांचं. मी बसवलंय. मार्लिस हाउगन." एवढं बोलूनच तिचे कान तापले. आपणच आपलं नाव असं मोठ्याने सांगायचं, तेही न विचारता, हे तिने पूर्वी कधी केलं नव्हतं. पहिलीत कविता म्हणतानासुद्धा तिने नाव पुटपुटलं होतं.

"अच्छा, अच्छा," आजोबा म्हणाले आणि मागच्या सीटवरून बीन्सचा डबा काढून त्यांनी तिच्या हातात ठेवला.

"मी डबे गोळा करत नाहीये."

"राहू द्या, राहू द्या. चांगलं काम करता तुम्ही."

डबा हातात घेऊनच ती त्यामागच्या गाडीकडे गेली. तिथे तिने सांगितलं. तिसऱ्या गाडीत सांगितलं. एका बाईने काच अर्धीच उघडली आणि काही तक्रार आहे का म्हणून विचारलं. एका तरुणाने रेडिओ बंद करून नीट ऐकून घेतलं, मग म्हणाला, "ती सगळं विझून एकच खिडकी राहते ती जागा पण तुमचीच?"

"माझीच. पण ती स्वयंपाकघराची आहे," मार्लिस इतक्या जोरात म्हणाली की तो दचकला. "स्वयंपाकघराची. इथे चुकीच्या ठिकाणी लागलीय."

पाचव्या गाडीपाशी तिच्या हातात तीन डबे झाले होते आणि रागाने तिचे दात वाजत होते, की थंडीने, ते तिचं तिलाही कळत नव्हतं. तेवढ्यात पुढून पिकअपचं दार लागल्याचा आवाज आला.

रस्त्यापलीकडे परतीच्या बाजूलाही गाड्या थांबून दिवे बघत होत्या. ऑरिन त्यातल्या पहिल्या गाडीपाशी वाकला होता. टोपी हातात धरली होती. हा माणूस दुकानात मीठ कुठे आहे हेही विचारत नसे, पाऊण तास शोधत फिरायचा. त्याचा आवाज तिला घंटांमधून तुटक तुटक ऐकू येत होता.

"...माझ्या बायकोने. हो, हे सगळं. नाही, डॉक्टरांनी नाही. हजारो दिवे, एकेक करून..."

मार्लिसने डबे छातीशी धरले.

"ऑरिन!"

तो सरळ झाला. गाडीतली माणसंही तिच्याकडे बघायला लागली.

"दिवे त्याचेच आहेत!" ती रस्त्यापलीकडे ओरडली. "दिव्यांचं नको सांगूस. दिवे त्याने जोडलेत. बसवलंय मी! नीट सांग!"

ऑरिनने मान डोलावली. टोपी डोक्यावर घातली, पुन्हा त्या खिडकीकडे वाकला, आणि पहिल्यापासून सांगायला लागला.